उदगीरहून आणलेलं घर

१ डिसेंबर १९८२, लातूर

डॉज आज आला. उस्मानाबादहून टोचन करून आणला. सकाळी सातला निघाले होते, दुपारी दोनला फाटकात शिरले. जिल्हा वेगळा झाला तेव्हा सामानाचीही वाटणी झाली. त्यात आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसला आठ कपाटं, दोन टाइपरायटर आणि हा ट्रक मिळाला. लढाईच्या काळातला अमेरिकन ट्रक आहे. चारही चाकं ओढतात, स्टिअरिंग डाव्या हाताला. चासी आणि एक्सल शाबूत. पेट्रोल इंजिनच्या ब्लॉकला मात्र तडा गेलेला.

उपअभियंता शेषेराव साहेब बाहेर येऊन बघून गेले. म्हणाले, "सोनकांबळे, भाऊ वेगळे निघाले की म्हातारा बैल धाकट्याच्या गळ्यात येतो. आपण धाकटे."

काम असं आहे. निलंगा रोडवर उलटलेल्या एका ट्रकचं डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट आमच्या आवारात पडून आहे. सात-आठ वर्षांचंच आहे, चांगलं आहे. ते डॉजमध्ये बसवायचं आणि मागं हजार लिटरची टाकी ठेवायची. अहमदपूरकडच्या डोंगरात बोरीचा माळ म्हणून वस्ती आहे. तिथं साधा टँकर चढत नाही, नाल्याच्या वरच्या दगडांत मागं घसरतो. यंदा पाऊस झाला नाही. वरची विहीर मार्चअखेरपर्यंतच टिकेल, असं तलाठ्यानं कळवलंय.

साहेब म्हणाले, "३१ मार्चच्या आत हा वर चढवा. चढला तर तुमची जागा इथं कायम करून घेतो. नाही चढला तर हा लिलावाच्या यादीत आणि तुम्ही परत नांदेडला."

मी बरं म्हटलं.

मला परत जायचं नाही. हे इथंच लिहितो, कुणाला सांगितलेलं नाही. नांदेडला माझं घर आहे. त्यात मामी आहे. माझी सख्खी मामी, आणि सासूही तीच. माझी बायको पंचशीला आजारी पडली तेव्हा ती तिचं करायला आली आणि राहिली. पंचशीला जूनमध्ये गेली. त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो. मामी त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. ताट वाढते, समोर बसते आणि बोलत नाही. नवीन जिल्ह्याला माणसं पाहिजेत असा कागद आला तेव्हा आमच्या ऑफिसातून पहिला अर्ज माझा गेला.

५ डिसेंबर, रविवार

खोलीच्या मागं डाळमिल आहे. आठवडाभर तिचा आवाज असतो, तुरीची धूळ कपड्यांवर बसते. रविवारी मिल बंद. घरमालक म्हणाले, आज कसं शांत वाटतंय बघा. मी अकरापर्यंत बसलो आणि वर्कशॉपला गेलो. वॉचमननं विचारलं, "साहेबांनी बोलावलं का?" मी हो म्हटलं. खोटं बोलायची गरज नव्हती.

१५ डिसेंबर

जुनं इंजिन काढलं. चेनकप्पीला लटकवलं आणि बाहेर आवारात ठेवलं. बॉनेटखाली आता नुसती पोकळी आहे. खाली वाकलं तर आरपार जमीन दिसते.

महिन्यातून एक कार्ड मामीला टाकायचं असं ठरवलंय. मामीला वाचता येत नाही. शेजारच्या शिवगंगाबाई शाळेत शिकवतात, त्या वाचून दाखवतात आणि उत्तर लिहून देतात. म्हणजे जे लिहीन ते दोघींना कळणार. काय लिहावं सुचत नाही. तब्येत ठीक आहे, एवढं लिहून अर्धं कार्ड कोरं राहतं. म्हणून आज कामाचं लिहिलं.

१४ जानेवारी १९८३

आज येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. नांदेडला आमच्याकडं एवढी पाळत नाहीत. इथं अख्खं गाव शेतात जातं. ज्वारी गुडघ्याएवढीसुद्धा नाही, तरी गेले. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले बोलावतात. नऊनंतर रस्त्यावर माणूस दिसेना. गंजगोलाईच्या बाजाराला चक्कर मारली, एक दुकान उघडं नव्हतं, चहासुद्धा मिळाला नाही. एक पोलीस शिपाई उभा होता. त्यानं विचारलं, "तुम्हाला कुणी बोलावलं न्हाई का?"

"बोलावलं होतं," मी म्हटलं.

"मंग जायचं की राव. मला ड्यूटी हाय. तुम्हाला काय हाय?"

बोलावलं होतं ते चंद्रप्पानं. औसा रोडवर त्याचा लेथ आहे. मूळ उदगीरचा. आमच्या ट्रकचं सगळं टर्निंगचं काम त्याच्याकडं दिलंय. तो बोलताना समोरच्या माणसाचा खांदा धरतो. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "नाव निवृत्ती हाय म्हणून आत्ताच रिटायर झाल्यावानी तोंड करून ऱ्हाऊ नका. अजून चौदा वर्षं हायत तुमची."

१५ जानेवारी

चंद्रप्पानं डब्यात भज्जी, म्हणजे येळवसेची मिसळीची भाजी, आणि बाजरीचे उंडे आणले. म्हणाला, "तुम्ही न्हाई आलाव, तर भज्जी आली. हिला मान न्हाई लागत."

मी वर्कशॉपातच खाल्ली. तो पूर्ण वेळ समोर उभा राहिला.

१ फेब्रुवारी

इंजिन बसलं. म्हणजे जागेवर टेकलं. खालचं तेलाचं चेंबर एक्सलवर आदळत होतं, ते कापून उथळ केलं. मग फॅन रेडिएटरला लागू लागला, रेडिएटर दोन इंच पुढं सरकवला. मग बॉनेट बंद होईना. नवीन गिअरबॉक्स लांब आहे, त्याचा गिअरचा दांडा पार सीटखाली येतो. केबिनचा पत्रा कापून तो वर काढला. पुढच्या स्प्रिंगचे पाटे वजनानं बसले, दोन्ही बाजूला एकेक पाटा वाढवला.

एक बरोबर केलं की दुसरं अडतं. मला ते बरं वाटतं. संध्याकाळी खोलीवर जाताना उद्या काय करायचं ते ठरलेलं असतं.

९ फेब्रुवारी

वाईट निघालं. गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटून देणारा लोखंडी डबा असतो, तो आज उघडला. तो जुनाच ठेवायचा होता, कारण चारही चाकं त्याच्याच जिवावर ओढतात. बाहेरून स्वच्छ, तेलाचा एक थेंब गळत नव्हता. आत बोट घातलं तर बेअरिंग घरात गरागरा फिरतंय. बेअरिंग ज्या गोल जागेत घट्ट बसतं तिला आमच्या धंद्यात घर म्हणतात. ते घर पार झिजून मोठं झालंय. असंच जोडलं तर चढावर पहिल्या झटक्याला शाफ्ट उडेल.

चंद्रप्पा म्हणाला, "वेल्डिंगनं भरायच्या नादी लागू नका. बिडाचं लोखंड हाय हे, तडा जाईल. नवं घर बसवा."

"मिळेल?"

"आमच्या उदगीरला एकजण बिडाचं वतकाम करतो. कडं वतून आणतो, लेथवर उतरवतो, ह्याच्यात दाबून बसवतो. नव्या घरात नवं बेअरिंग. पुना बघायचं काम न्हाई."

महिना तरी जाईल. उरलेत पन्नास दिवस.

१० फेब्रुवारी

मामीला कार्ड टाकलं. काय लिहिलं ते इथं उतरून ठेवतो, म्हणजे पुढच्या खेपेला तेच ते होणार नाही.

"ती. मामीस सप्रेम जयभीम. इकडे सर्व ठीक. एक अडचण झाली आहे. जुनं घर आतून पार झिजलं. बाहेरून चांगलं दिसत होतं म्हणून मला वेळेवर कळलं नाही. कळायला पाहिजे होतं, चूक माझी आहे. ते आता भरून काढता येणार नाही. चंद्रप्पा म्हणतात, नवीन घर बसवा. मी विचारात आहे. तब्येतीस जपावे."

या वेळी कार्ड पूर्ण भरलं.

२१ फेब्रुवारी

मामीचं उत्तर आलं. शिवगंगाबाईंचं अक्षर मोत्यासारखं आहे.

"चि. निवृत्तीस जयभीम. तुझं कार्ड दोनदा वाचून घेतलं. लिहिलंस ते बरं केलंस. एवढे दिवस मनात ठेवलं होतंस. चूक कुणाची म्हणून आता काय करायचं. नवीन घर बसवायचं असेल तर बसव. तुझं वय काही गेलं नाही. मी आड येणार नाही. चंद्रप्पा कोण आहेत? भले आहेत का? कुठलं आहे तेवढं कळव."

मामीला गाड्यांत इतकं लक्ष असेल असं वाटलं नव्हतं. माझ्या वयाचा संबंध कळला नाही. बोलताना मामी एकातून दुसऱ्यात जाते, शिवगंगाबाईंनी मधलं गाळलं असेल.

घरातल्या माणसानं कामाबद्दल विचारलं की काम हलकं होतं. पंचशीला विचारायची. कोणती गाडी, काय झालं, सुरू झाली का. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी विचारायची.

३ मार्च

चंद्रप्पा कडं घेऊन आला. पोत्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून एसटीनं आणलं. शेजारच्या माणसानं काय आहे विचारलं तर म्हणाला, घर हाय. तो माणूस उठून दुसरीकडं बसला.

मामीला लगेच कार्ड टाकलं.

"ती. मामीस सप्रेम जयभीम. तू विचारलंस म्हणून कळवतो. चंद्रप्पा भला माणूस आहे. नवीन घर उदगीरचं आहे, त्यांच्या ओळखीतून मिळालं. थोडं घट्ट आहे, पण घट्टच चांगलं, सैल असलं की टिकत नाही. पंधरा दिवसांत बसेल. मग साहेबांना दाखवीन. जमलं तर माझी इथली जागा कायम होईल आणि मला नांदेडला यायचं काम पडणार नाही. तुझी काळजी मिटेल."

१५ मार्च

आज घर बसवलं. डबा शेकोटीवर तापवायचा, म्हणजे तो फुगतो, आणि कडं बर्फात ठेवायचं, म्हणजे ते आवळतं. मग दोन्ही एकमेकांत घालायची. निवली की कायमची. बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी आणली. आणणाऱ्या सायकलमागं मुलं पळत आली. चंद्रप्पानं कडं चिमट्यात धरलं आणि मला म्हणाला, "एकच खेप हाय. वाकडं गेलं तर इथंच अडकून बसंल. तुम्ही धरा, तुमचा हात न्हाई थरथरत."

धरलं. सरळ गेलं. एकदाच बारीक आवाज झाला.

वितळलेलं बर्फाचं पाणी वॉचमननं फडक्यातून गाळून घागरीत भरलं आणि सायकलला बांधून घरी नेलं. त्यांच्या गल्लीत नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं.

मामीचं उत्तर नाही. पोस्टात विचारलं. काही नाही म्हणाले.

२० मार्च, रविवार

मिल बंद. उत्तर नाही. दुपारी बसस्टँडवर जाऊन नांदेडच्या गाडीतून उतरणारी माणसं बघितली. कुणी ओळखीचं नव्हतं. असायचं कारणही नव्हतं.

कधी कधी वाटतं ट्रक चढूच नये. पण मग दारातून आत जायचं, चप्पल काढायची, आणि ती बसलेली असणार.

२४ मार्च, गुरुवार

आजचं नीट लिहितो.

अकराच्या सुमारास वॉचमन सांगत आला, एक म्हातारी आली आहे, पोतं आहे तिच्याकडं. बाहेर येऊन बघतो तर मामी. एकटी. सहा तासांच्या एसटीनं आलेली. पोत्यात भांडी वाजत होती.

"मामी, कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर तू नको म्हणला असतास." तिनं इकडंतिकडं बघितलं. "खोलीवर जाऊन आले. कुलूप हाय. ती कुठं हाय?"

"कोण?"

"बरं, ऱ्हाऊ दे. लाज वाटत असंल तर ऱ्हाऊ दे." तिनं पोतं खाली ठेवलं. "पंचशीलाची भांडी आणलीत. हंडा हाय, परात हाय, तांब्या हाय. तिचं नाव घातलेलं हाय त्याच्यावर, पण घासून काढता येतं म्हणं. नव्या बाईला लागतील. तिनं का म्हणून रिकाम्या घरात यावं? अन् म्या काय नांदेडला ठाण मांडून बसणार न्हाई. माझं गाव हाय मला. तू मोकळ्या मनानं ये-जा कर."

मला काही कळेना. मी पाणी आणायला आत गेलो. तेवढ्यात चंद्रप्पा ट्रकखालून बाहेर आला, हात पुशीत. मामीनं त्यालाच विचारलं.

"तुम्हीच का चंद्रप्पा? उदगीरचं जमवून दिलं ते?"

"हाव माय, मीच."

"चांगलं हाय ना? माझा भाचा हाय तो, जावई हाय. त्याला बोलता येत न्हाई म्हणून म्या विचारते."

"एक नंबर," चंद्रप्पा म्हणाला. "माझ्या डोळ्यादेखत वतलेलं. घट्ट बसलंय, आता हातोडा मारला तरी निघायचं न्हाई. या, दावतो की. तेल पाजायचं तेवढं राहिलंय."

मामी त्याच्या मागं गेली. मी पाण्याचा गडवा घेऊन आलो तेव्हा ती डब्यावर वाकली होती आणि चंद्रप्पा टॉर्च मारून दाखवत होता. "हे बगा. हे जुनं घर झिजलं होतं. हे नवं, उदगीरचं."

मामीनं बोट लावून बघितलं. काळं झालेलं बोट बराच वेळ धरून उभी राहिली. मग बाजूच्या टायरवर बसली आणि तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. हसत होती की काय, ते पदरामुळं कळलं नाही. चंद्रप्पा माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं.

"शिवगंगा मास्तरीण," ती शेवटी म्हणाली, "अख्ख्या गल्लीला सांगून बसलीय की, निवरत्यानं उदगीरची बाई केली. जरा आंगानं घट्ट हाय, पण चांगली हाय."

चंद्रप्पा एवढा हसला की त्याला ट्रकला धरून उभं राहावं लागलं. मलाही हसू आलं. कार्डं आठवली आणि कान तापले.

मग मामीनं पिशवीतून कार्ड काढलं. फेब्रुवारीतलं, चौघडी घातलेलं, मधोमध फाटायला आलेलं. ते माझ्यापुढं धरून म्हणाली, "मंग हे? आतून झिजलं होतं, मला वेळेवर कळलं न्हाई, चूक माझी हाय. हे बी ह्या डब्याचंच?"

"हाव," मी म्हटलं.

तिनं कार्ड परत पिशवीत ठेवलं.

२५ मार्च

मामी खोलीवर आहे. तिला चटई दिली, मी बाहेर ओट्यावर झोपतो. त्या हंड्यात पाणी भरलंय. सकाळी तिनं भाकरी केली, मी खाल्ली, ती समोर बसली. ते कार्ड तिनं दीड महिना जवळ ठेवलं होतं. शिवगंगाबाईंकडून किती वेळा वाचून घेतलं असेल ठाऊक नाही. बेअरिंगचं घर होतं ते. पण मी लिहीत होतो तेव्हा मला नेमकं काय म्हणायचं होतं, ते आता मलाच नीट सांगता येत नाही.

२६ मार्च

इंजिन सुरू झालं. चारही चाकं जमिनीवरून उचलून फिरवून बघितली. नवीन घर तापत नाही. सोमवारी वर न्यायचा.

मामी म्हणाली, "मला बी यायचंय. ज्याच्यापायी म्या चार दिवस जेवले न्हाई ते चढतंय तरी का बघू."

२८ मार्च, सोमवार

चढला.

साहेब जीपमधून पुढं होते, ते नाल्यापाशी थांबले. चंद्रप्पा त्यांच्यासोबत. मी डावीकडं स्टिअरिंगवर, मामी उजवीकडं. मागं हजार लिटर पाणी. नाल्याच्या वर दगडांची पायरी आहे, साधा टँकर तिथंच मागं येतो. मी खालचा गिअर टाकला आणि पुढचा एक्सल जोडला. पुढची चाकं चढली, मागचं एक घसरलं, दगड उडाले. मामीनं दाराची कडी दोन्ही हातांनी धरली. मी पाय हलवला नाही. इंजिनाचा आवाज खाली खाली गेला, आता बंद पडणार असं वाटलं, आणि तसाच खालच्या आवाजात तो ओढत राहिला. सगळा जोर त्या घरातून जात होता. मला तो पायाला कळत होता. मग बॉनेट आडवं झालं आणि समोर माळ.

वर बाया घागरी घेऊन आधीच उभ्या होत्या. पुढं सरजाबाई म्हणून एक उंच बाई होती. ती सरळ उजव्या दाराशी आली, मामीकडं.

"बाई, तुम्ही चालवत आणला?"

"हाव," मामी म्हणाली. "जावई नुसता बसलाय."

बाया हसायला लागल्या. सरजाबाईनं पहिली घागर भरली ती मामीच्या पायावर ओतायला आणली. मामीनं पाय आखडून घेतले. "पाणी हाय ते, टाकतेस काय? पी आधी."

परतीची टाकी रिकामी. साहेबांची जीप लांब पुढं निघून गेली. उतार संपल्यावर मी बोलायला लागलो. बोलायचं ठरवलं नव्हतं. केबिनचा पत्रा कापलेला आहे, इंजिनाचा सगळा आवाज आत येतो.

"मामी, त्या दिवशी मी धर्माबादला होतो."

"काय?"

"धर्माबादला होतो!"

"म्हाईत हाय!"

"निरोप दुपारी बारालाच आला होता!"

"ऐकू येईना!"

जी गोष्ट मी नऊ महिने कुणाला हळू आवाजातही सांगितली नव्हती, ती मला ओरडून सांगावी लागली. की ऑफिसची जीप तिथं बंद पडली होती. बारा वाजता निरोप आला, लगेच निघा. मी पंप खोलून बसलो होतो. एसटी उभी होती. मी म्हटलं अर्धा तास. उघडं टाकून मला उठवेना. अर्ध्या तासाचे अडीच तास झाले. मी पोचलो तेव्हा दारात माणसं होती.

मामी समोर बघत होती.

"मंग झाली का ती सुरू?" ती ओरडली.

"काय?"

"ती जीप! सुरू झाली का?"

"झाली!"

तिनं मान हलवली. मग माझ्या बाजूला सरकली, तोंड कानाजवळ आणलं, म्हणजे ओरडावं लागू नये.

"ती सारखी विचारत होती. म्या सांगितलं, निघालाय. घंट्यानं विचारलं, निघालाय म्हणलं. पुना विचारलं. म्हणलं, आता उमरीपाशी आला असंल. म्या खोटं बोलले तिच्याशी. तिच्या लेखी तू वाटंतच होतास, निवरत्या. शेवटपर्यंत वाटंतच."

मग म्हणाली, "मला वाटलं, तुला हे कळलं तर तू म्हणशील, म्हातारीनं मरत्या माणसाला फसवलं. म्हणून म्या तुझ्याशी बोललेच न्हाई."

मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

३१ मार्च

साहेबांनी ऑर्डर दिली. जागा कायम, मुक्काम लातूर. डॉज रोज दोन खेपा करणार. चालवायला दुसरं कुणी धजत नाही, म्हणून पावसापर्यंत मीच. हवं होतं ते मिळालं. चंद्रप्पानं पेढे वाटले, त्याच्याच खर्चानं. "आता तरी तोंड बदला," म्हणाला.

मामीला सकाळी नांदेडच्या गाडीत बसवून आलो. हंडा आणि तांब्या तिनं खोलीवर ठेवले, परात परत नेली. "तिथं बी लागती," म्हणाली. मी म्हटलं, शनिवारी येतो. ती म्हणाली, "या शनिवारी नको. दोन खेपा हायत तुझ्या. त्या बाया उभ्या ऱ्हातील. पुढल्याला ये."

९ एप्रिल, शनिवार, नांदेड

साहेबांनी दुपारनंतरची रजा दिली. गल्लीत शिरलो तर चार-पाच दारांत बायका उभ्या होत्या. निळ्या पताका लावायचं काम चालू होतं, तेही थांबलं. सगळ्या माझ्या मागं बघत होत्या. शिवगंगाबाईंनी शेवटी विचारलं, "एकटेच आलात?"

मामी आमच्या दारातून म्हणाली, "तिला तिकडं ड्यूटी हाय. रोज डोंगर चढती. तुम्हाला जमंल का?"

कुणाला काही कळलं नाही. मी चप्पल काढली आणि आत गेलो.